कागद बाहेर गेला पाहिजे : लॉ कॉलेजात फोन-इंटरनेटच्या कायद्याचं मंडळ कसं चालवायचं

आमचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर ठेवण्याआधी शिपाईमामांनी तो वाचला. त्यात 'मंडळ' हा शब्द दिसताच विचारलं, "वर्गणी किती ठेवलीया?" कोल्हापुरात मंडळ म्हटलं की मांडव, मिरवणूक आणि पावतीपुस्तक. आमचं तसलं काही नव्हतं. आम्ही सातजण लॉच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि फोन, इंटरनेट, केबल, रेडिओ यांचे कायदे एकत्र बसून वाचायचे, एवढंच डोक्यात होतं. अर्जावर नाव लिहिलं : दूरसंचार व माध्यम कायदा अभ्यास मंडळ. मामांना नाव पटलं नाही, पण वर्गणी नाही म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला.

हे सुचलं कसं ते आधी सांगते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात इंटरनेट बंद झालं तेव्हा मी मिरजकर तिकटीजवळ एका चहाच्या गाड्यावर उभी होते. चहा पिऊन झाला होता, पर्समध्ये नोट नव्हती आणि फोनवर नुसतं चक्र फिरत होतं. गाड्यावरचे काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, आणून दे नंतर." पैसे नंतर दिले, पण घरी येताना एक गोष्ट बोचत राहिली. हे बंद कुणी केलं? कुठल्या कागदानं? लॉचं एक वर्ष पूर्ण झालेल्या मला सांगता येईना. ग्रुपवर विचारावं तर ग्रुपच बंद. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा निम्म्यांनी कलेक्टर म्हटलं, निम्म्यांनी १४४, म्हणजे जमावबंदीचं कलम. दोन्ही चूक. तेव्हा लागू असलेल्या २०१७ च्या नियमांनुसार राज्यात हा आदेश काढण्याचा अधिकार गृहसचिवांचा होता, आणि त्या नियमांची मुळं होती १८८५ च्या तार कायद्यात. आमच्यापैकी एकानंही आयुष्यात तार बघितलेली नव्हती.

आता मी वकिली करते आणि मंडळ ज्युनिअर पोरं-पोरी चालवतात. दर वर्षी कुठल्यातरी कॉलेजातून कुणीतरी विचारतं, "ताई, आम्हालाही असं काढायचंय, कसं करायचं?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहिते.

परवानगी, जागा, वेळ

लॉचे विद्यार्थी एकत्र आले की आधी संस्थेची घटना लिहायला बसतात. आम्हीही बसलो. तीन बैठका 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली खलास झाल्या आणि उपाध्यक्षाचे अधिकार यावर दोघांचं बोलणं बंद झालं. हे करू नका. संस्था नोंदणी, न्यास नोंदणी यातलं काहीही लागत नाही, कारण तुम्ही पैसे गोळा करणार नाही आणि मालमत्ता घेणार नाही. चार ओळींचा अर्ज पुरतो : काय करणार, कुठे बसणार, कधी बसणार, कोणते सर किंवा मॅडम लक्ष ठेवणार. अर्जात पैसे मागू नका. पैसे मागितले की अर्ज समितीकडे जातो आणि समिती दिवाळीनंतर बसते. ग्रंथालयातलं मागचं टेबल पंधरा दिवसांतून एकदा दीड तास आणि कपाटातला एक कप्पा, एवढं मागा. एवढ्याला कुणी नाही म्हणत नाही.

वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. आमच्यातला एकजण मेडिकलमध्ये कामाला होता, एक वकिलांकडे टायपिंग करायची, दोघं राधानगरी आणि गगनबावड्याकडून यायचे. संध्याकाळी पाचची बैठक ठेवली की गावाकडची पोरं पहिल्यांदा गळतात, आणि या विषयात खरा मालमसाला त्यांच्याचकडे असतो, का ते पुढे येईलच. आम्ही शनिवारी सकाळचं लेक्चर संपल्यावर बसायचो.

पदं तीनच ठेवा. बैठक बोलावणारा एक, नोंदवही लिहिणारा एक, आणि तिसरं पद सगळ्यात महत्त्वाचं, मुदती सांभाळणारी व्यक्ती. या विषयात प्रत्येक गोष्टीला तारीख असते. सूचना पाठवायची शेवटची तारीख, अपिलाची तारीख, तक्रारीची तारीख. आमच्याकडे हे काम जिच्याकडे होतं ती कॅलेंडरच्या चौकोनात लाल पेनानं लिहायची आणि दोन दिवस आधी सकाळी सहाला फोन करायची. शिव्या खाल्ल्या तिनं, पण एकही मुदत चुकली नाही.

आणि एक नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवा. आमचा होता : महिन्याला एक कागद कॉलेजच्या बाहेर गेला पाहिजे. माहितीचा अर्ज असो, नियामकाला पाठवलेली सूचना असो, कुणाची भरून दिलेली तक्रार असो. नुसती चर्चा करणारी मंडळं मी तीन-चार बघितली. दुसऱ्या सत्रात तिथं दोघं उरतात आणि ते दोघं चहा प्यायला जातात.

पहिली बैठक : मोबाइलमधले मेसेज

पहिल्या दिवशी व्याख्यान नको. घटनेचं भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ तर नकोच, ते सगळ्यांना पाठ असतं. प्रत्येकाला आपापल्या फोनमधला सगळ्यात ताजा नकोसा मेसेज उघडायला सांगा. कर्ज, प्लॉट, रमी, काहीही चालेल.

पाठवणाऱ्याच्या नावाआधी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर कंपनीचं, दुसरं सर्कलचं. इथेच पहिला धडा सुरू होतो. सर्कल म्हणजे काय? दूरसंचाराच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे आणि मुंबई वेगळं. म्हणजे पणजी आणि गडचिरोली एका हिशेबात, आणि मुंबई त्या हिशेबात नाही. हे ऐकून आमच्या टेबलावर शांतता पसरली होती. हल्ली नावाच्या शेवटी डॅश देऊन आणखी एक अक्षर येतं : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. आमच्या वेळी ते नव्हतं.

मग विचारा : हा मेसेज नको असेल तर काय कराल? कुणीतरी १९०९ हा तक्रारीचा नंबर सांगतं. बरोबर. पण त्या १९०९ मागे कोण आहे? ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे विनियम आहेत. ट्रायला असे विनियम करायचा अधिकार कुठून आला? १९९७ च्या कायद्यातून. त्याच कायद्यात २००० साली दुरुस्ती होऊन तंटे सोडवायला टीडीसॅट हे वेगळं न्यायाधिकरण झालं. एका प्लॉटच्या मेसेजवरून तासाभरात संसदेपर्यंत पोचता येतं. बैठक संपता संपता सगळ्यांनी आपापली तक्रार १९०९ वर पाठवायची. पहिल्याच दिवशी सात कागद बाहेर. कागद नव्हेत, पण नोंदवहीत आम्ही ते कागदच धरले.

वाचन

निकाल पहिल्या पानापासून वाचू नका. शंभर पानांचं इंग्रजी बघून निम्मी पोरं मनातल्या मनात राजीनामा देतात. सुरुवात गोष्टीपासून करा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरचा बंद, पालघरच्या दोन तरुणी, एक फेसबुक पोस्ट आणि अटक. हे आपल्याच राज्यात घडलं. मग दिल्लीत २१ वर्षांच्या श्रेया सिंघलनं याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, रद्द केलं. गोष्ट कळली की मग निकालातला फक्त एक तुकडा वाचा : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयानं केलेला फरक. एका बैठकीला तेवढं पुरे. आणि पुढच्या बैठकीला याचंच शेपूट : रद्द झालेल्या कलमाखाली पुढे कित्येक वर्षं गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवा म्हणून पुन्हा आदेश द्यावे लागले. एफआयआरमध्ये कलमांची रांग दिसली की एकेक कलम जिवंत आहे का ते तपासायची सवय मला तिथून लागली. आज कामाला येते.

नंतरचा क्रम आमचा असा होता : १९९५ चा क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालचा निकाल, ज्यात प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं, १९९६ चा पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचा फोन टॅपिंगवरचा निकाल, आणि जानेवारी २०२० चा काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरचा अनुराधा भसीन निकाल. हा शेवटचा आमच्यासाठी घरचाच होता. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतात, हे त्यात आहे.

वाचायची पद्धत : तिघांना कामं वाटून द्या. एकानं सरकारची बाजू निकालातूनच काढायची, एकीनं याचिकाकर्त्याची, आणि तिसऱ्यानं फक्त एवढं सांगायचं की न्यायालयानं नेमकं काय करायला सांगितलं, कुणाला, आणि किती दिवसांत. तिसरं काम सगळ्यांना सोपं वाटतं. तेच सगळ्यात अवघड निघतं.

यात सगळ्यात जास्त मजा आली ती मराठीत मांडताना. तार कायद्याच्या कलम ५(२) मध्ये दोन अटी होत्या : 'पब्लिक इमर्जन्सी' किंवा 'पब्लिक सेफ्टी'. नोंदवहीत एकानं लिहिलं, 'सार्वजनिक आणीबाणी'. दुसरी म्हणाली, "आणीबाणी म्हटलं की माझे आजोबा १९७५ वरच बोलायला लागतात." हसण्यावारी नेलं, पण मुद्दा खरा होता. घटनेतली आणीबाणी राष्ट्रपती जाहीर करतात. या कलमातली इमर्जन्सी कुणी जाहीर करत नाही. ती आहे की नाही हे प्रसंगावरून कळायला पाहिजे आणि वाजवी माणसाला दिसायला पाहिजे, हे पीयूसीएलच्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, त्यामुळे इंग्रजीत वाचताना आम्हाला कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता. मराठीत लिहायला बसलो आणि अडकलो. पाऊण तास वाद घालून 'सार्वजनिक संकट' लिहिलं. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला, कलम ५(२) ची जागा कलम २० नं घेतली, पण तेच दोन शब्द तिथेही आले, आणि आमचं टिपण तसंच चाललं. तर मराठीत टिपणं काढा. परीक्षा इंग्रजीत असली तरी काढा.

मुंबई उच्च न्यायालयाचं एक प्रकरण या कामासाठी जणू बेतून दिलंय. २०२३ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती करून केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे का ते ठरवायला सरकारचंच तथ्य-तपासणी पथक नेमायची तरतूद केली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर गेले उच्च न्यायालयात. ३१ जानेवारी २०२४ ला खंडपीठ फुटलं : न्या. गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्या. नीला गोखले यांनी वैध. मग तिसरे न्यायमूर्ती, न्या. अतुल चांदुरकर, यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली. आम्ही फेब्रुवारीत टेबलाच्या दोन बाजू केल्या. या बाजूनं पटेल वाचायचे, त्या बाजूनं गोखले, आणि पुढच्या बैठकीला बाजू बदलायच्या. तिसऱ्या न्यायमूर्तींचा निकाल यायच्या आधी प्रत्येकानं आपलं मत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकलं होतं. सप्टेंबरमध्ये डबा उघडला. माझी चिठ्ठी चुकीची निघाली. का ते विचारू नका, अजून चिडवतात.

माहितीचा अर्ज

माहिती अधिकाराचा अर्ज मंडळाच्या नावानं करू नका. हा अधिकार नागरिकाचा आहे, म्हणून एका सदस्यानं स्वतःच्या नावानं, घरच्या पत्त्यानं करायचा. घरच्यांना आधी सांगा. आमच्या एका मैत्रिणीच्या घरी सरकारी लखोटा गेला तेव्हा तिच्या आईला वाटलं पोरीनं काहीतरी करून ठेवलं.

महाराष्ट्रात अर्ज नमुना 'अ' मध्ये, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचं, ते कोर्टाबाहेरच्या स्टॅम्प वेंडरकडे मिळतं. ऑनलाइनही अर्ज करता येतो, पण पहिला तरी हातानं करा. लॉचा विद्यार्थी आणि स्टॅम्प कधी चिकटवलं नाही, हे बरं नव्हे.

१५० शब्द कमी वाटतात. आमच्या पहिल्या मसुद्यात ९० शब्द नुसते 'लोकशाहीत इंटरनेटचं महत्त्व' यावरच गेले होते. सगळे छाटले. उरलं ते असं :

विषय : इंटरनेट सेवा तात्पुरती बंद ठेवण्याचे आदेश, कोल्हापूर जिल्हा. कालावधी : १ जून २०२३ ते ३० जून २०२३. हवी असलेली माहिती : एक, या कालावधीत २०१७ च्या नियमांखाली काढलेल्या प्रत्येक आदेशाची प्रत. दोन, त्या आदेशांवर पुनर्विलोकन समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत.

बस. 'का', 'कशासाठी', 'योग्य आहे का' असले प्रश्न अर्जात नकोत. कागद मागा, खुलासा मागू नका. दुसरा मुद्दा मुद्दाम घातला होता, कारण नियमांत समितीनं पाच कामकाजी दिवसांत बसून आदेश तपासायचा अशी तरतूद होती. पहिला कागद सांगतो काय केलं, दुसरा सांगतो ते कुणी तपासलं का.

चूक आम्ही पत्त्यात केली. स्वतःच शिकलो होतो की अधिकार गृहसचिवांचा, आणि अर्ज टाकला जवळच्या एका कार्यालयात, कारण तिथं चालत जाता येत होतं. पाच दिवसांनी तिथून पत्र आलं की कलम ६(३) प्रमाणे अर्ज पुढे वर्ग केला आहे. जावक क्रमांक, गोल शिक्का, निळी सही. चूक आमची, पण ते पत्र नोंदवहीत चिकटवून ठेवलं, कारण मंडळाच्या अर्जामुळे आलेला तो पहिला सरकारी कागद होता. तुम्ही थेट मंत्रालयातल्या गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना लिहा. उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आणखी ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं स्टॅम्प. माहिती गोपनीय आहे असं उत्तर आलं तर अपिलात अनुराधा भसीन टाका : जो आदेश प्रसिद्धच करायचा आहे तो गोपनीय कसा? आणि आता अर्ज करत असाल तर २०१७ लिहू नका. नोव्हेंबर २०२४ पासून नवे नियम आहेत, ते २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे. आदेशाची कमाल मुदत तिथंही १५ दिवसांचीच आहे.

ट्रायला सूचना

हे सगळ्यात कमी विद्यार्थी करतात आणि सगळ्यात सोपं आहे. ट्राय कुठलाही मोठा निर्णय घेण्याआधी सल्लापत्र काढते, त्यात क्रमांक घातलेले प्रश्न असतात. कुणीही उत्तर देऊ शकतं. साधारण चार आठवडे सूचनांना, आणखी दोन आठवडे इतरांच्या सूचनांवर उलट सूचनांना. एवढ्यानं काय होतं असं वाटत असेल तर २०१५ आठवा. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखी वागणूक मिळावी या वादाच्या वेळी ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळे दर लावायला बंदी करणारे विनियम आले. फेसबुकच्या फ्री बेसिक्स या ठरावीक वेबसाइटपुरत्या मोफत इंटरनेटचा गाशा इथून त्यामुळेच गुंडाळला गेला.

आम्ही सुरुवात केली तेव्हा, ऑगस्ट २०२३ मध्ये, सेवेच्या दर्जावरचं सल्लापत्र निघालं होतं. प्रश्नांची रांग बघून दमलो. मग ठरवलं : फक्त दोन प्रश्न, आणि त्यावरही फक्त तेवढंच लिहायचं जे दिल्लीत बसलेल्या माणसाला माहीत असणं शक्य नाही. इथं गगनबावड्याचा आणि चंदगडचा सदस्य कामाला आला. आठवडाभर रोज सकाळी, दुपारी, रात्री ठरावीक ठिकाणी उभं राहून ट्रायच्याच मायस्पीड ॲपवर वेग मोजायचा आणि वहीत लिहायचं : ठिकाण, वेळ, कंपनी, वेग, किंवा 'रेंज नाही'. चंदगडच्या पोरानं एक रकाना स्वतःहून वाढवला : 'कर्नाटकचा टॉवर'. घराच्या मागच्या बाजूला त्याचा फोन सीमा ओलांडायचा, पुढच्या अंगणात परत महाराष्ट्रात यायचा. गगनबावड्याच्या वहीत पावसामुळे दोन पानं चिकटली होती, ती इस्त्रीनं वाळवली.

आमचा मुद्दा दीड पानाचा होता. पुणे, नाशिक, पणजी आणि गगनबावडा यांची सरासरी काढली की गगनबावडा त्यात बुडतो. सर्कलचा आकडा चांगला दिसतो आणि घाटातला माणूस झाडावर चढून फोन करतो. म्हणून मोजमाप लहान भागाचं करा, एवढंच. सोबत तक्ता. २ ऑगस्ट २०२४ ला नवे विनियम आले. त्यात एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ अशी तरतूद आहे. ते आमच्या दीड पानामुळे झालं असं म्हणायला मी काही खुळी नाही. पण 'जिल्हा' हा शब्द विनियमात वाचला तेव्हा चंदगडच्या पोरानं टेबलावर अशी थाप मारली की ग्रंथपाल मॅडम उठून आल्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. आलेल्या सूचना ट्रायच्या वेबसाइटवर लागतात, त्यामुळे कागदावर फोन नंबर आणि घरचा पत्ता नको. २०१५ मध्ये लाखो लोकांचे ईमेल पत्ते असेच जगजाहीर झाले होते. आणि दुसरी, फाइल पीडीएफ करूनच पाठवा. आम्ही वर्डची फाइल पाठवली. बाजूच्या पट्टीत आमच्या आपसातल्या शेऱ्यांसकट. त्यात एक शेरा होता, 'हे वाक्य कुणालाच कळणार नाही, पण भारी वाटतं.' दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला, अर्थात मुदतवालीचाच. 'आधीची फाइल कृपया विचारात घेऊ नये' असं लिहून नवी पाठवली. ते भारी वाक्यही काढून टाकलं.

तक्रारींचं टेबल

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लोक आपणहून येतात. कँटीनवाल्या मावशींचं रिचार्ज झालं पण नेट सुरू नाही, कुणाच्या नावावर भलतंच सिम. तुम्ही वकील नाही, त्यामुळे कुणाच्या वतीनं उभं राहायचं नाही आणि चहासुद्धा घ्यायचा नाही. अर्ज कसा भरायचा ते दाखवायचं, सही त्यांची.

पैसे गेले असतील तर गप्पा न मारता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. बाकीच्या तक्रारीत आधी कंपनीकडे तक्रार आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्यायचा, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. त्यापुढे ग्राहक आयोग. पूर्वी फोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असं सांगून लोकांना परत पाठवायचे, तार कायद्याच्या कलम ७ब चा हवाला देऊन. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो अडथळा काढला. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्कही नाही. मावशींची तक्रार डॉकेट नंबरवरच मिटली. बहुतेक तिथंच मिटतात. लोक नंबर लिहून घेत नाहीत एवढंच.

पाहुणे

सत्रात एकच पाहुणा. शाल, श्रीफळ, बुके आणि बॅनर यांच्या पैशात वर्षभराचं झेरॉक्स होतं. आणि पाहुणा म्हणजे प्रत्येक वेळी मोठा वकीलच कशाला? आमची सगळ्यात चांगली बैठक झाली ती एका केबलवाल्या काकांसोबत. त्यांनी पिशवीतून नोंदणीचा दाखला काढला. त्यावर शिक्का पोस्टाचा! केबल चालवायला पोस्टात नोंदणी? १९९५ च्या केबल कायद्याखाली स्थानिक केबलवाल्याची नोंदणी हेड पोस्ट ऑफिसात व्हायची, दर वर्षी नूतनीकरण, पाचशे रुपये. आम्ही कायदा वाचला होता, पण डोळ्यांसमोर पोस्ट आलं नव्हतं. जानेवारी २०२५ पासून ती नोंदणी ऑनलाइन थेट मंत्रालयाकडे गेली, पाच वर्षांसाठी पाच हजार रुपये. काका गेल्यावर एकानं विचारलं, "मग पोस्टच का निवडलं असेल?" त्यावर पुढची बैठक चालली. तुमच्या गावात टॉवरचं डिझेल भरणारा माणूस असेल, साप्ताहिकाचे संपादक असतील, त्यांना बोलवा. साताऱ्याकडच्या लोकांना म्हसवडचं माणदेशी तरंग आहे, पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी. कम्युनिटी रेडिओचा परवाना बाईंनी किंवा सरांनी कसा मिळवला, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

एका बाबतीत मात्र कडक राहा. मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड नाही, पक्ष नाही, कुणाच्या स्टेटसवर चर्चा नाही. इंटरनेट का बंद झालं यावर कोल्हापुरात प्रत्येकाचं मत होतं आणि ती मतं एकमेकांच्या अंगावर जाणारी होती. आम्ही ठरवलं, आपण आदेशावर बोलायचं : कुणी काढला, कारण लिहिलंय का, किती वेळ, कुणी तपासला. हे चार प्रश्न दोन्ही बाजूंच्या पोरांना एका टेबलावर बसवू शकले. एकदा हा नियम मोडला, मीच मोडला, आणि एक चांगला वाचणारा सदस्य कायमचा गेला.

हवाली करणं

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची मुलं लवकर जातात, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातला एक आणि तीनचा एक अशी जोडी शोधायला लागा. भाषण करणारा नको. वेळेवर येणारा बघा. एक बॉक्स फाइल करा : नोंदवही, पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत, पोचपावत्या, शब्दांची मराठी यादी, आणि चालू मुदतींचं कॅलेंडर. ईमेलचा पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका, तोंडी सांगा आणि लगेच बदलायला लावा.

मी फाइल दिली ती २०२५ च्या जूनमध्ये. ऑगस्टमध्ये सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि तिसऱ्याच आठवड्यात नव्या मुदतवालीचा मला फोन. सकाळी सहालाच, परंपरा राखून. "ताई, कपाटाची किल्ली तुमच्याकडंच ऱ्हायलीया. आणि दहाची स्टॅम्पं संपली, येताना आणशीला?"